होमी भाभा आणि दोन सहाव्या नोंदी

आपल्या राज्यघटनेला सातवी अनुसूची आहे. केंद्राने कोणत्या विषयांवर कायदे करायचे आणि राज्यांनी कोणत्या, याची वाटणी तिच्यात केलेली आहे. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आपण सर्वांनी ती पाठ केली आणि परीक्षा संपल्यावर विसरूनही गेलो. या अनुसूचीत एक गमतीचा योगायोग दडलेला आहे. केंद्राच्या यादीतली सहावी नोंद अणुऊर्जेची आणि तिच्यासाठी लागणाऱ्या खनिजांची आहे. राज्यांच्या यादीतली सहावी नोंद आहे सार्वजनिक आरोग्याची, रुग्णालयांची आणि दवाखान्यांची. थोडक्यात काय, तर अणू केंद्राचा आणि इस्पितळ राज्याचे. घटना लिहिली गेली तेव्हा ही वाटणी अगदी सरळ वाटली असेल. पण तालुक्याच्या गावी कुणी क्ष-किरण यंत्राचे बटण दाबतो, तेव्हा या दोन्ही सहाव्या नोंदी एकाच खोलीत समोरासमोर येतात.

अशा खोलीत मी चौतीस वर्षे काढली. १९७७ साली सरकारी रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सदऱ्याला प्लास्टिकचा एक छोटा बिल्ला अडकवण्यात आला. माझ्या अंगावर किती किरण पडले याची नोंद तो बिल्ला ठेवत असे. दर तीन महिन्यांनी जुना बिल्ला टपालाने तपासणीला जाई आणि नवा येई. माझे पगारपत्रक राज्य सरकारचे, रजा राज्य सरकारची, बदली राज्य सरकारची; बिल्ला मात्र केंद्राच्या अणुऊर्जा खात्याच्या व्यवस्थेतला. असे का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी पडला. त्याचे उत्तर शोधताना मी ज्या माणसापाशी येऊन पोहोचलो, त्याचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटले की आपल्याला अणुभट्ट्या आठवतात, पंडित नेहरूंबरोबरची छायाचित्रे आठवतात, आल्प्समधला विमान अपघात आठवतो. पण या देशात किरणोत्सर्गापासून माणसाला वाचवायचे नियम कोणी करायचे, ते कुठवर पोहोचायचे आणि कुठे अडायचे, हेही बऱ्याच अंशी याच माणसाच्या आयुष्यात ठरले. त्यांची ही बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज ती सांगावीशी वाटते.

इंजिनीअरीचे वचन

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू, सुशिक्षित पारशी घरात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. त्यांची बहीण मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. त्यामुळे छोट्या होमीचे टाटांच्या घरी जाणे-येणे असे. घरात ग्रंथसंग्रह मोठा, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या भरपूर. चित्रकलेचा नाद लहानपणीच लागला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

या मेहेरबाई आत्या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि स्वतःच्या संपत्तीचा मोठा न्यासही मागे ठेवला. त्याच न्यासातून १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. पुढे १९६२ साली हे रुग्णालय भाभांच्याच अणुऊर्जा खात्याकडे आले. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाचा वाटा केवढा मोठा असणार, हे ध्यानात घेतले की ही गोष्ट नुसती खातेबदलाची राहत नाही. किरण मारतात आणि तारतातही, याचे भान त्या घराला होते असे म्हणायला हरकत नाही.

होमीने इंजिनीअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची आणि दोराबजींची इच्छा होती. त्यासाठी १९२७ साली त्यांना केंब्रिजला धाडण्यात आले. तिथे मुलाचे मन पदार्थविज्ञानात रमले. त्याने वडिलांना तसे कळवले. वडिलांनी तडजोड काढली: आधी इंजिनीअरी पहिल्या वर्गात पुरी कर, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च मी करतो. मुलाने १९३० साली वचन पुरे केले आणि १९३२ साली गणिताची परीक्षाही पहिल्या वर्गात दिली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी जे संशोधन केले, त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीला जगभर भाभांचे नाव मिळाले. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळल्यावर कणांचा वर्षाव कसा होतो, याचे गणित त्यांनी हाइटलर यांच्याबरोबर १९३७ साली मांडले.

भाभांनी किरणोत्सर्ग प्रथम ओळखला तो असा, आकाशातून येणारा. १९३९ साली ते सुटीला घरी आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. परतीचा रस्ता बंद झाला. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगलोरला, मग त्याच वर्षअखेरीस मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात.

वाळू कुणाची?

आता गोष्ट दक्षिणेकडे वळते, कारण केंद्र आणि राज्य यांच्यातला पहिला पेच तिथल्या वाळूतून निघाला. केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लमच्या उत्तरेला चवरा आणि करुनागपल्ली या भागात काळसर वाळू आहे. तिच्यात मोनाझाइट नावाचे खनिज सापडते आणि मोनाझाइटमध्ये थोरियम असते. युरेनियमची वानवा असलेल्या आपल्या देशाला थोरियम म्हणजे केवढी ठेव, हे भाभांनी फार लवकर ओळखले. त्यांच्या तीन टप्प्यांच्या अणुकार्यक्रमाचा शेवटचा टप्पा या थोरियमवरच आधारलेला होता.

पण १९४७ च्या जूनमध्ये ही वाळू भारताची होणार की नाही, हेच ठरलेले नव्हते. तो किनारा त्रावणकोर संस्थानाचा. दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी संस्थान स्वतंत्र राहील असे जाहीर केले होते आणि मोनाझाइटला जगात असलेली मागणी ही त्यांच्या हातातली एक हुकमी बाजू होती. जुलैअखेर संस्थान भारतात सामील व्हायला तयार झाले आणि पेच सुटला. अणूचे खनिज एखाद्या घटक राज्याच्या मर्जीवर सोडणे किती जोखमीचे, हा धडा मात्र दिल्लीने घेतला.

एप्रिल १९४८ मध्ये अणुऊर्जेचा पहिला कायदा झाला. ध्यानात घ्या, तेव्हा राज्यघटना अजून लिहून व्हायची होती. त्याच महिन्यात भाभांनी नेहरूंपुढे एक टिपण ठेवले. हे काम दोन-तीन जणांच्या छोट्या मंडळाने करावे, त्याला स्वतःचे अधिकार असावेत आणि त्याने थेट पंतप्रधानांनाच उत्तर द्यावे, असा त्याचा सारांश होता. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग नेमला गेला. अध्यक्ष भाभा, सदस्य शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन. दीड वर्षाने घटना अमलात आली, तेव्हा अणुऊर्जा केंद्राच्या यादीत सहाव्या ओळीत जाऊन बसली.

सारे एका छताखाली

३ ऑगस्ट १९५४ रोजी अणुऊर्जा खाते निघाले. भाभा त्याचे सचिव. केंद्र सरकारचे एक खाते दिल्लीत न बसता मुंबईत बसले, ही तेव्हाही नवलाची गोष्ट होती. तुर्भ्याला, म्हणजे इंग्रजांच्या ट्रॉम्बेला, खाडीच्या कडेला डोंगरपायथ्याशी अणुशक्ती संस्था उभी राहू लागली. तिचेही प्रमुख भाभाच. आयोगाचे अध्यक्ष, खात्याचे सचिव आणि संस्थेचे संचालक, अशी तिन्ही पदे एकाच माणसाकडे.

आज हे ऐकून भुवया उंचावतील. पण त्या काळाकडे त्या काळाच्या नजरेने पाहावे लागते. अणुविज्ञान शिकलेली माणसे देशात मूठभर होती. भाभांनी त्यांना वेचून आणले, त्यांच्यासाठी प्रशिक्षण शाळा काढली, कुणाला काय येते हे पाहून काम दिले. एका माणसाचा शब्द चालत होता म्हणूनच कामाला वेग होता. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही पहिली अणुभट्टी सुरू झाली. पाण्याखालच्या त्या निळ्या प्रकाशावरून नेहरूंनी तिला अप्सरा नाव दिले. १९६० साली कॅनडाच्या मदतीने सायरस आली. १९६१ साली झर्लिना.

भाभांची राहणी आणि कार्यपद्धती यांच्याबद्दल अनेक गोष्टी सांगितल्या जातात. त्यांतली एक मला फार आवडते. इमारतीच्या आड एखादे जुने झाड आले तर ते तोडायचे नाही; मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचे, हा त्यांचा दंडक होता. तुर्भ्याच्या आवारातले बगीचे त्यांनी स्वतः लक्ष घालून आखले. कुलाब्याच्या संस्थेत देशातल्या तरुण चित्रकारांची चित्रे लावली. काम देखणे असले पाहिजे, हा त्यांचा हट्टच होता. माझ्या मते त्यांच्या सुरक्षेच्या विचारातही हाच हट्ट उतरला आहे.

आणखी एक गोष्ट. १९५५ साली जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर जी पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. पुढे व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था घडत असताना, बड्या राष्ट्रांनी बाकीच्यांवर फार कडक देखरेख ठेवू नये, अशी बाजू त्यांनी जोराने मांडली. म्हणजे जगाच्या पंगतीत त्यांना प्रत्येकाच्या अधिकाराची चिंता होती. घरात मात्र सारे अधिकार एका जागी हवे होते. ही विसंगती त्यांना जाणवली असेल का, कोण जाणे. देश नवा होता, माणसे थोडी होती आणि घाई मोठी होती.

१९६० चा आदेश

२७ फेब्रुवारी १९६० रोजी भाभांनी तुर्भ्याच्या संस्थेसाठी एक कार्यालयीन आदेश काढला. सरकारी कचेऱ्यांत रोज असे कितीतरी कागद निघतात आणि बांधून फडताळात जातात. हा कागद मात्र आजही या क्षेत्रातली माणसे आदराने आठवतात. त्याचा आशय असा की, किरणोत्सारी पदार्थ आणि किरणोत्सर्गाची साधने अशी हाताळावीत की संस्थेतल्या कामगारांना वा बाहेरच्या कोणालाही इजा पोहोचता कामा नये. पण एवढ्यावर भाभा थांबले नाहीत. आपले काम इतके नमुनेदार हवे, की देशातल्या इतर संस्थांनाही तसेच वागा असे सांगता यावे, अशीही अपेक्षा त्यांनी त्यात घातली.

या आदेशाचे दोन भाग आहेत. पहिला भाग आपल्या कुंपणाच्या आतला. त्याची अंमलबजावणी कसोशीने झाली. डॉ. ए. के. गांगुली यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गापासून आरोग्य जपण्याचे शास्त्र या देशात रुजवले. १९६२ च्या फेब्रुवारीत तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेसाठी ए. एस. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. देशातली ही अशी पहिली औपचारिक समिती. त्याच वर्षी अणुऊर्जेचा नवा कायदा आला आणि किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. त्या कायद्याखाली १९७१ साली नियम निघाले. २००४ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

दुसरा भाग कुंपणाबाहेरचा. इतरांना तसेच वागा असे सांगता यावे, हे खरे. पण सांगायचे कोणी? कोणत्या पत्त्यावर? आणि समोरच्याने ऐकले नाही तर? अणुभट्ट्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि सगळ्या केंद्राच्या मालकीच्या. क्ष-किरण यंत्रे मात्र हजारोंनी. ती सरकारी रुग्णालयात, नगरपालिकेच्या दवाखान्यात, हाडांच्या डॉक्टरकडे, दातांच्या डॉक्टरकडे. त्यांतले सरकारी इस्पितळ राज्याचे, खाजगी दवाखान्याची नोंदणी राज्याच्या कायद्याखाली, तपासायला येणारा अधिकारी राज्याचा. किरण तेवढे केंद्राचे!

मामांना बिल्ला नव्हता

कागदावरची ही फट प्रत्यक्षात कशी दिसते, ते मी पाहिले आहे. आमच्या रुग्णालयात एक मामा होते. इस्पितळाशी संबंध आलेल्यांना सांगायला नको, वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात. रडणारे मूल क्ष-किरणाच्या टेबलावर स्थिर राहत नाही. कुणीतरी धरावे लागते. आई गरोदर असली तर तिला आत घेता येत नाही. मग मामांना हाक जाई. मामा यायचे, मुलाला गोष्ट सांगत त्याचे हातपाय धरायचे, मी आडोशामागे जाऊन बटण दाबायचो. वर्षानुवर्षे हे चालले.

माझ्या छातीवर बिल्ला होता, मामांच्या नव्हता. कारण किरणांशी काम करणाऱ्यांच्या यादीत त्यांचे पद बसत नव्हते. शिशाचा एप्रन एकच होता आणि त्याला घडी पडून पडून भेगा गेलेल्या. नव्या एप्रनची मागणी आमच्या कार्यालयातून वर गेली ती बराच काळ वरच राहिली. केंद्राचा नियम सांगत होता की धरणाऱ्याला एप्रन हवा, आणि तोच तोच माणूस सतत धरायला नको. एप्रन विकत घेण्याचे पैसे आणि दुसरा माणूस देण्याचा अधिकार राज्याकडे होता. दोघांच्या मध्ये मामा उभे होते. त्यांना पुढे काही त्रास झाला असे मी म्हणत नाही. ते निवृत्त होऊन गावी गेले. पण त्यांच्या अंगावर किती किरण पडले, हे आज जगात कुणीही सांगू शकणार नाही, कारण ते कधी मोजलेच गेले नाहीत.

वाचकांनी घाबरून जाऊ नये म्हणून सांगतो, छातीच्या एका साध्या फोटोत पडणारा किरणोत्सर्ग फार थोडा असतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी अडीच मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या फोटोचा वाटा त्याचा अगदी लहान अंश. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र एका वेळी कित्येक वर्षांच्या नैसर्गिक वाट्याइतका डोस मिळू शकतो. अशा कामावरच्या माणसाला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट ही आपल्याकडची मर्यादा आहे. सर्वसामान्य माणसासाठी ती १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि रुग्णाच्या उपचारासाठी लागणारा किरणोत्सर्ग त्यात धरत नाहीत. प्रश्न एका फोटोचा नसतो. प्रश्न असतो तो यंत्राची गळती, जाड भिंत आणि शिसे लावलेले दार यांचा, आणि मामांसारख्या रोज धरणाऱ्यांचा.

भाभांनंतर

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाला एका बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचे कांचनगंगा हे विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले आणि ११७ जण गेले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्यामागे काम वाढतच गेले. १९६९ साली तारापूर सुरू झाले. कोबाल्टची यंत्रे कर्करोगाच्या रुग्णालयांत गेली, किरणोत्सारी साधने कारखान्यांत गेली. प्रवर्तन आणि देखरेख एकाच घरात नको, हा विचारही बळावला. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. पण हे मंडळ सरकारी आदेशाने नेमलेले होते आणि ते उत्तर देणार होते अणुऊर्जा आयोगाला. एका छताखाली सारे ठेवण्याची भाभांची पद्धत घाईच्या काळात उपयोगी पडली होती. आता तीच अडचण होऊ लागली. २०११ साली फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक संसदेत आले आणि २०१४ साली लोकसभेबरोबरच ते बारगळले. अखेर २०२५ च्या डिसेंबरात संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला आणि त्यात मंडळाला प्रथमच कायद्याचा स्वतःचा आधार दिला.

हे झाले दिल्ली आणि मुंबई यांच्यातले. राज्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या निर्देशानुसार क्ष-किरणांच्या नियमनासाठी प्रत्येक राज्यात विकिरण सुरक्षा संचालनालय व्हायला हवे होते. म्हणजे नियम केंद्राचे, मापे केंद्राची, पण दार ठोठावणारा माणूस राज्याचा. २०१२ साली कॅगचा अहवाल आला तोवर अशी संचालनालये फक्त दोन राज्यांत उभी राहिली होती, केरळात आणि मिझोराममध्ये. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी नोंदलेली केवळ ५,२७० होती, असे त्या अहवालात म्हटले होते. शंभरातली एक्याण्णव केंद्रे नोंदणीशिवाय चालत होती. आणि नियम मोडल्याबद्दलचा दंड? जास्तीत जास्त ५०० रुपये. भाभांच्या आदेशाचा दुसरा भाग कुठे अडला होता, ते या आकड्यांवरून कळते.

या फटीतून काय निसटू शकते, हे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीत दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले वापरात नसलेले एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले. एक कामगार दगावला, इतर काही जणांना गंभीर बाधा झाली. यंत्र केंद्राच्या नियमांखालचे, पण भंगाराच्या दुकानापर्यंत त्या नियमांचा हात पोहोचत नव्हता. आणि ज्यांचा पोहोचत होता, त्यांना त्या चकाकणाऱ्या धातूची ओळख नव्हती.

केरळाने आणि महाराष्ट्राने

यातून मार्ग नाही असे नाही. केरळाचेच पाहा. ज्या किनाऱ्याच्या वाळूवरून १९४७ साली केंद्राशी पेच पडला होता, त्याच राज्याने केंद्राशी जुळवून घेणारे संचालनालय इतरांच्या आधी उभे केले. करुनागपल्लीच्या लोकांना निसर्गतःच अधिक किरणोत्सर्गात राहावे लागते. त्यांच्या आरोग्याचा दीर्घकाळ अभ्यास झाला आणि त्यात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. किरणोत्सर्गाला घाबरायचेही नाही आणि त्याच्याकडे डोळेझाकही करायची नाही, ही सवय त्या किनाऱ्याला लागली असावी.

आपल्या महाराष्ट्राकडेही सांगण्यासारखे एक उदाहरण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ साली केला. राज्याने वाट दाखवली आणि १९९४ साली केंद्राने सगळ्या देशासाठी कायदा केला. त्याची अंमलबजावणी मात्र जिल्ह्यांकडे ठेवली. जिल्हा शल्यचिकित्सक सोनोग्राफी केंद्राची तपासणी करू शकतात, यंत्राला सील ठोकू शकतात. आता गंमत पाहा. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, किरणोत्सर्ग मुळीच नसतो. तरी त्या यंत्राच्या दारावर जिल्ह्याचा अधिकारी पोहोचतो. शेजारच्या खोलीतल्या क्ष-किरण यंत्राची चौकशी करायला मात्र इतकी वर्षे दूरच्या कार्यालयातून माणूस यावा लागे. नियम एकच आणि तो राबवणारा हात जवळचा, ही सांगड एका यंत्रासाठी जमते, तर दुसऱ्यासाठी का जमू नये?

कॅगच्या अहवालानंतर बरेच हललेही. मंडळाने परवान्याची व्यवस्था संगणकावर आणली. चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथे विभागीय केंद्रे काढली. काही राज्यांनी संचालनालयासाठी मंडळाशी करार केले. पण करार करणे वेगळे आणि संचालनालयात माणसे, मोजणीची उपकरणे आणि प्रवासभत्ता असणे वेगळे. सरकारी नोकरी केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

भाभांना आपण अणूचे शिल्पकार म्हणतो. त्यांनी जे एकहाती उभे केले, ते अन्य कुणाला त्या वेगाने जमले नसते, हे मान्यच. पण सुरक्षिततेच्या बाबतीत एकहाती काम कुंपणापाशी संपते. पुढचे काम अनेक हातांचे आहे: केंद्राने मापे ठरवायची, राज्याने माणूस द्यायचा, जिल्ह्याने दार ठोठवायचे आणि डॉक्टरने एप्रन आणायचा. भाभांनी १९६० साली नमुना घालून दिला आणि इतरांना सांगता यावे अशी सोय केली. सांगण्याची यंत्रणा उभारण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. ती उभारणे मागच्यांचे काम होते, आणि त्यातले पुष्कळ अजून व्हायचे आहे.

तोवर आपणही थोडे करू शकतो. पुढच्या वेळी घरातल्या कुणाला फोटो काढायला न्याल, तेव्हा भिंतीवर नियामक मंडळाचा परवाना लावला आहे का ते पाहा. घरातली बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा. काही महिन्यांपूर्वीचा फोटो असेल तर तो बरोबर न्या, म्हणजे कदाचित नवा काढावाच लागणार नाही. आणि मुलाला धरायला सांगितले तर आधी एप्रन मागा. तुमच्यासाठी मागा, आणि त्या खोलीत रोज मुले धरणारे कुणी मामा असतील तर त्यांच्यासाठीही मागा.